नकाशाआधी अंदाजपत्रक : स्वतःचे घर बांधू पाहणाऱ्या मुंबईकरासाठी

मुंबईत घर घेणे म्हणजे बहुतेकांसाठी सदनिका घेणे असते, आणि सदनिकेचा व्यवहार बऱ्याच अंशी एका आकड्यात मांडता येतो. कार्पेट क्षेत्राला दराने गुणले, त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, वाहनतळ आणि सोसायटीच्या अनामती धरल्या की किती पैसे लागणार हे कळते. गोराई, मनोरी, मढ, वेसावे किंवा वरळीच्या गावठाणातले वडिलोपार्जित घर पाडून नवे बांधणाऱ्याला, किंवा कर्जत, बदलापूर, वसई, अलिबाग या परिसरात भूखंड घेऊन आपल्या गरजेप्रमाणे घर उभारणाऱ्याला मात्र असा एक आकडा कोणीही देत नाही. त्याचा खर्च अनेक लहानमोठ्या बाबींतून, वेगवेगळ्या माणसांच्या हाती, वर्ष-दीड वर्षभर होत राहतो; आणि त्यांतल्या निम्म्या बाबी आपल्या हिशेबात आहेत की नाहीत, हे पुष्कळांना पहिला स्लॅब पडल्यानंतरच समजते. दारे-खिडक्यांविना वर्षानुवर्षे उभे राहिलेले सांगाडे नेरळ-कर्जतच्या वाटेवर दिसतात, त्यामागे पैशांच्या टंचाईपेक्षा चुकीच्या क्रमाने केलेला विचार अधिक वेळा असतो. आधी घर किती मोठे हवे हे ठरवायचे, नकाशा काढायचा आणि मग तो किती रुपयांत बसेल ते विचारायचे, असा तो क्रम. तो उलटा करणे आवश्यक आहे. आपल्याकडील रकमेतून घराव्यतिरिक्तचे सारे खर्च आधी वजा करावेत, आणि जे उरेल त्यावरून घराचे आकारमान ठरवावे.

एकूण रकमेतून काय काय वजा करावे

पहिल्या बैठकीत वास्तुविशारदाने ‘तुमचे बजेट किती?’ असे विचारले की बहुतेक जण आपली एकूण कुवत सांगून मोकळे होतात, आणि वास्तुविशारद तो आकडा बांधकामाचा समजतो. हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. तो कसा घडतो हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एका कुटुंबाकडे जागा आधीपासून आहे, बचतीचे ५० लाख रुपये आहेत आणि ४० लाखांचे कर्ज मिळू शकते. एकूण ९० लाख झाले. बांधकामाचा दर, केवळ गणिताच्या सोयीसाठी, करासह २,८०० रुपये प्रति चौरस फूट धरू. ९० लाखांना २,८०० ने भागले की सुमारे ३,२०० चौरस फूट येतात, आणि कुटुंब चार शयनगृहांची स्वप्ने पाहू लागते.

आता वजाबाकी करू. अनपेक्षित खर्चासाठी १२ टक्के, म्हणजे १०.८ लाख, प्रथम बाजूला काढावेत. वास्तुविशारद, संरचना अभियंता, माती परीक्षण, मोजणी आणि परवानगीची शुल्के यांसाठी ७ लाख धरू. कुंपणभिंत, फाटक, सेप्टिक टँक, कूपनलिका, वीजजोडणी आणि भराव यांसाठी १० लाख. काम चालू असताना दुसरीकडे राहण्याचे भाडे, दलाली, सामानाची ने-आण आणि कर्जावरचे बांधकाम काळातील व्याज मिळून ८ लाख. स्वयंपाकघराचा ओटा व कपाटे, पंखे, दिवे, पडदे आणि किमान फर्निचर यांसाठी ९ लाख. ही बेरीज ४४.८ लाख होते आणि प्रत्यक्ष घरासाठी ४५.२ लाख उरतात. त्याच दराने त्यात सुमारे १,६०० चौरस फूट बांधकाम होते. म्हणजे पहिल्या अंदाजाच्या निम्मे. यातला प्रत्येक आकडा प्रत्येकाच्या बाबतीत बदलेल, कुणाला भाडे लागणार नाही तर कुणाला कूपनलिका लागणार नाही, परंतु वजाबाकीचे हे टप्पे कोणालाही गाळता येणार नाहीत.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बँक गृहकर्ज देते ते बांधकामासाठी. भाडे, पडदे आणि दलाली यांसाठी देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते, आणि ही कमाल मर्यादा असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीही मिळते. शिवाय बँक आपला हिस्सा आधी खर्च करायला सांगते, आणि तिच्या अभियंत्याने काम पाहिल्यावर टप्प्याटप्प्याने पैसे सोडते. त्यामुळे पाया आणि जोते (जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतचा भाग) हे बहुधा स्वतःच्या बचतीतून उभे करावे लागते. बचतीतला मोठा भाग मुदत ठेवीत किंवा शेअर बाजारात अडकलेला असेल, तर तो कोणत्या महिन्यात मोकळा करायचा हे याच टप्प्यावर लिहून ठेवावे.

चौरस फूट कोणते?

मुंबईकराला क्षेत्रफळ म्हटले की कार्पेट आठवते. रेराच्या २०१६ च्या कायद्यात कार्पेटची व्याख्या निश्चित झाली असून तीत आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. ठेकेदार मात्र आपला दर स्लॅबच्या क्षेत्रावर लावतो, आणि त्यात बाहेरच्या भिंती, जिना, बाल्कनी सारे येते. २५ बाय ३२ फुटांचा मजला घेतला तर त्याचे क्षेत्र ८०० चौरस फूट. त्याच्या नऊ इंची बाहेरच्या भिंतीच सुमारे ८३ चौरस फूट खातात, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक. दोन मजली घरात जिना दोन्ही मजल्यांच्या क्षेत्रात मोजला जातो. वरच्या उदाहरणातील १,६०० चौरस फुटांतून वापरण्याजोगे १,२०० ते १,२५० चौरस फूट हाती आले तर तो नकाशा काटकसरीने केलेला समजावा. म्हणून कोणताही दर ऐकताना तो कोणत्या क्षेत्रावर आहे, बाल्कनी पूर्ण धरली आहे की अर्धी, छज्जे आणि गच्चीवरच्या जिन्याची खोली धरली आहे की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे.

जमिनीच्या मोजमापातही असाच गोंधळ होतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. पाच गुंठ्यांचा भूखंड चौरस असेल तर त्याची प्रत्येक बाजू जवळपास ७४ फूट येते आणि परिघ सुमारे २९५ फूट. म्हणजे त्या लहानशा घराला २९५ फूट कुंपणभिंत लागणार, आणि ती चौरस फुटाच्या दरात कधीच नसते. भूखंड लांबट किंवा वेडावाकडा असेल तर हा परिघ आणखी वाढतो.

जागेचे कागद आणि परवानग्या

कागदांच्या खर्चाचा खरा प्रश्न रकमेपेक्षा वेळेचा असतो. गावठाणातील घर बहुधा आजोबा-पणजोबांच्या नावावर असते, मालमत्ता पत्रकावर अनेक वारसांची नावे असतात आणि त्यांतले काही परगावी असतात. सर्वांची संमती आणि हक्कसोड किंवा वाटणीपत्र झाल्याशिवाय ना परवानगी मिळते ना कर्ज. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, हे दोन खर्च नकाशाच्या आधीच करावेत. शेजारच्याची भिंत आपल्या हद्दीत दोन फूट आल्याचे जोत्याच्या वेळी कळण्यापेक्षा मोजणीच्या वेळी कळलेले केव्हाही स्वस्त.

बृहन्मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे, तर राज्याच्या बहुतांश उर्वरित भागात २०२० साली मंजूर झालेली एकत्रिकृत नियमावली. समुद्र आणि खाडीलगतच्या गावठाणांना व कोळीवाड्यांना सागरी किनारा नियमनाच्या मर्यादा आहेत. नेरळ-कर्जत भागातल्या काही गावांना २००३ साली घोषित झालेल्या माथेरान पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मर्यादा आहेत. भूखंड शेतजमीन असेल तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना घेता येत नाही, आणि बिनशेती झाल्याचा केवळ तोंडी दिलासा पुरत नाही. आपल्या जागेवर किती बांधता येईल याचे लेखी मत परवानाधारक वास्तुविशारदाकडून घेण्याचे शुल्क द्यावे लागते. ते आनंदाने द्यावे. परवानगीच्या वेळी छाननी शुल्क, विकास शुल्क आणि लागू असल्यास बांधकाम कामगार कल्याणासाठीचा एक टक्का उपकर भरावा लागतो. प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी), जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी), हे तीनही टप्पे अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळींवर असावेत.

जमीन, खारी हवा आणि वाट

जमिनीखाली काय आहे हे ठाऊक नसताना पायाचा खर्च सांगणारा माणूस अंदाजाने बोलत असतो. मुंबई परिसरात थोड्याथोड्या अंतरावर कातळ, मुरूम, खाडीचा चिखल आणि जुना भराव असे सगळे सापडते. कातळ लागला तर पाया भक्कम होतो, पण खोदाईला ब्रेकर लागतो आणि सेप्टिक टँकचा खड्डा महाग पडतो. चिखल लागला तर पाया खोल किंवा रुंद करावा लागतो. माती परीक्षणाचा खर्च एकूण खर्चाच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो आणि पायाच्या आकड्यातली मोठी अनिश्चितता तो दूर करतो. तो टाळून पैसे वाचवू पाहणाऱ्यांना मी नेहमी आग्रहाने सांगतो की काटकसरीची ही जागा नव्हे. त्याचबरोबर पावसाळ्यात रस्त्यावर पाणी किती चढते हे शेजाऱ्यांना विचारावे. जोते रस्त्यापासून दीड फूट घ्यायचे की तीन फूट, यावर भरावाचे किती ब्रास लागणार हे ठरते, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट हे लक्षात घेतले तर ८०० चौरस फुटांच्या जोत्याला दर वाढीव फुटामागे सुमारे आठ ब्रास भराव लागतो.

समुद्राजवळच्या घरासाठी काँक्रीटचा प्रश्न वेगळ्याने विचारात घ्यावा लागतो. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार किनारपट्टीच्या उघड्या वातावरणातील लोखंडी सळयांच्या काँक्रीटला किमान एम-३० प्रत (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद दाखवतो) आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण अपेक्षित आहे. अनेक लहान ठेकेदार सवयीने एम-२० धरून दर देतात. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण खाऱ्या हवेत सळया गंजून स्लॅबचे पोपडे सुटू लागतात तेव्हा दुरुस्तीचा खर्च मूळ बचतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून काँक्रीटची प्रत आणि आवरण संरचना अभियंत्याकडून लिहून घ्यावे आणि मगच दर मागवावेत.

गावठाणातल्या अरुंद गल्ल्यांत ट्रक शिरत नाही. रेती, खडी, विटा नाक्यावर उतरतात आणि तेथून हातगाडीने किंवा डोक्यावरून आणाव्या लागतात. तयार काँक्रीटची गाडीही आत येत नाही, त्यामुळे पंपाची लांब नळी किंवा जागेवरचे मिक्सर यांपैकी एक निवडावे लागते. गोराईला बोरिवलीहून आणि मनोरीला मालाडच्या मार्वेहून फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येत असले तरी माल भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने फिरून येतो. जुने घर पाडल्यावरचा राडारोडाही याच गल्लीतून बाहेर काढून नियमानुसार टाकावा लागतो. ही आतली वाहतूक ‘मालासकट’ दरात आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

दर मागवणे आणि त्यांची तुलना

तीन ठेकेदारांकडून चौरस फुटाचा दर मागवून सर्वांत कमी दर स्वीकारणे ही तुलना नव्हे, कारण तिघांनी तीन वेगळ्या घरांचे दर दिलेले असतात. एकाने पायाची खोली पाच फूट धरलेली असते, दुसऱ्याने सात. एकाच्या दरात टाइल्सचा मूळ दर ४५ रुपये असतो तर दुसऱ्याच्या दरात ८०. एकाने गच्चीवर गळती रोखण्यासाठी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, धरलेला असतो, दुसऱ्याने केवळ रासायनिक लेप. म्हणून वास्तुविशारदाकडून किंवा अंदाजकाराकडून बाबनिहाय परिमाणपत्रक करून घ्यावे, म्हणजे खोदाई, काँक्रीट, सळई, वीटकाम, गिलावा, लादी, खिडक्या, विजेचे पॉइंट, नळकाम अशा प्रत्येक बाबीचे परिमाण त्यात असेल, आणि सर्वांना तोच कागद देऊन प्रत्येक बाबीचा दर मागावा. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उपलब्ध असते. खासगी कामाचे दर तिच्याशी तंतोतंत जुळत नाहीत, तरी एखादा दर विचित्र आहे का, हे ओळखायला ती उपयोगी पडते. परिमाणे तपासायला ढोबळ ठोकताळेही आहेत: साध्या दोन मजली घराला प्रति चौरस फूट सुमारे साडेतीन ते चार किलो सळई आणि ०.४ पोती सिमेंट लागते. यापासून मोठी तफावत दिसली तर अभियंत्याकडून कारण समजून घ्यावे.

कराचाही विचार येथेच करावा. स्वतःच्या एकट्या घरासाठी केवळ मजुरीचा ठेका दिला, तर त्या मजुरीवर वस्तू व सेवा कर लागत नाही. मालासकट ठेक्यावर १८ टक्के लागतो. परंतु यावरून मजुरीचा ठेका १८ टक्क्यांनी स्वस्त पडतो असा निष्कर्ष काढू नये, कारण सिमेंट आणि सळई आपण विकत घेतली तरी त्यांवर कर असतोच. सिमेंटवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि सळईवर १८ टक्के आहे. खरी बचत मजुरी आणि ठेकेदाराच्या नफ्यावरच्या करापुरती असते. त्याबदल्यात माल वेळेवर आणणे, मोजून घेणे, उघड्यावर भिजू न देणे ही सगळी जबाबदारी आपल्यावर येते. रोज चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या आणि कर्जतला घर बांधणाऱ्या माणसाने ही जबाबदारी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गावठाणात घरासमोरच राहणाऱ्या, घरी एखादा निवृत्त जाणता माणूस असलेल्या कुटुंबाने ती अवश्य घ्यावी.

करारात आगाऊ रक्कम कमीत कमी ठेवावी, झालेल्या कामाच्या मोजमापावर बिल द्यावे, प्रत्येक बिलातून पाच टक्के रक्कम राखून ठेवावी आणि ती पहिला पावसाळा गळतीविना गेल्यावर परत करावी. सळईचा भाव वाढल्यास कोणी किती सोसायचे, हेही आधीच लिहावे.

पावसाळ्याभोवती आखलेले वेळापत्रक

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाया खोदून ठेवला असताना तो आला तर खड्ड्यांतले पाणी उपसणे, ढासळलेली माती पुन्हा काढणे आणि बसून असलेल्या मजुरांना सांभाळणे यांत पैसे जातात. परवानगी पावसाळ्यातच पदरात पाडून दिवाळीनंतर खोदाई सुरू केली, तर जोते जानेवारीपर्यंत, दोन्ही स्लॅब एप्रिलपर्यंत आणि गच्चीचा कोबा मेअखेर पूर्ण होऊ शकतो. मग पावसात आतला गिलावा, नळकाम आणि लादी चालते, आणि बाहेरचा रंग ऑक्टोबरनंतर होतो. मजूर होळीला गावी जातात, कोकणातले सुतार गणपतीला जातात. ते दिवस वेळापत्रकात आधीच मोकळे ठेवावेत. परवानगी फेब्रुवारीच्या पुढे लांबली, तर घाईने खोदाई करण्यापेक्षा काम दिवाळीवर ढकलावे आणि जादा भाड्याची तरतूद करावी. वेळापत्रकासोबत महिनावार रकमेचा तक्ता असावा, म्हणजे कोणत्या महिन्यात बचत लागेल आणि कोणत्या महिन्यात कर्जाचा हप्ता सुटायला हवा, हे दिसत राहील.

आकडा बसला नाही तर

प्राथमिक नकाशावरून केलेले अंदाजपत्रक मर्यादेबाहेर गेले, तर राखीव रकमेला हात लावायचा नाही, आणि पाया, काँक्रीटची प्रत, जलरोधन, नळ व विजेच्या भिंतीतल्या वाहिन्या यांतही कपात करायची नाही, कारण या गोष्टी नंतर बदलता येत नाहीत. पहिली कपात क्षेत्रफळात करावी. वर्षातून चार वेळा येणाऱ्या पाहुण्यांसाठीची स्वतंत्र खोली, दुहेरी उंचीचा दिवाणखाना, चारही बाजूंच्या बाल्कन्या यांवर प्रथम विचार व्हावा. त्यानंतर आकार सरळ करावा: कोपरे कमी केले, वरचे न्हाणीघर खालच्या न्हाणीघरावर आणले आणि मोठे अधांतरी भाग टाळले, तर घराचे रूप फारसे न बदलता सळई, सेंटरिंग (काँक्रीट ओतण्याचे साचे) आणि नळकाम या तिन्ही बाबींचा खर्च उतरतो. तिसरी कपात, खरे तर लांबणीवर टाकणे, ही कपाटे, छताची सजावट, कुंपणाचा दगडी मुलामा आणि बाग यांत करावी. त्यांच्या जागी आज केवळ तारेचे कुंपण आणि भिंतीतल्या रिकाम्या विद्युत नळ्या पुरतात.

एवढे करूनही रक्कम अपुरी पडत असेल, तर आज तळमजला पूर्ण राहण्याजोगा करावा आणि वरचा मजला पुढे ढकलावा. त्यासाठी दोन्ही मजल्यांचा एकत्र नकाशा काढून परवानगीचे टप्पे आणि मुदत वास्तुविशारदाकडून समजून घ्यावी, पाया आणि खांब दोन मजल्यांच्या भाराने आखून घ्यावेत, आणि जिना आजच योग्य जागी ठेवावा. पहिल्या स्लॅबवर खांबांच्या सळया पुढच्या मजल्यासाठी उघड्या सोडल्या जातात. किनाऱ्याच्या हवेत त्या दोन-तीन पावसाळ्यांतच गंजतात, म्हणून त्यांवर सिमेंटचा लेप देऊन वरून हलक्या काँक्रीटचे आवरण घालण्याची बाब परिमाणपत्रकात आजच लिहून घ्यावी आणि तिचा दर याच ठेकेदाराकडून ठरवून घ्यावा.